फसली की हिजरी

पिंगळीकरांनी शेरवानी उशीच्या अभ्र्यात घालून आणली,
जिंतूरहून परभणी, एसटीत, मांडीवर.
"पणजोबांची. एकोणीसशे अकरा," म्हणाले, बसायच्या आधीच.
"दरबारात घातलेली. तेवढं लिहून द्या."

मी हात धुतले, पुसले, अंगठी काढून ठेवली.
खिडकीपाशी टेबल, त्यावर धुतलेली पांढरी चादर.
अकराचा उजेड चालतो, दुपारचा नाही.

शेरवानी उलटी केली.
कापडाला वय विचारायचं तर आतून विचारावं,
बाहेरून ते कायम कुणाच्या तरी लग्नात उभं असतं.

हिमरू. औरंगाबादचा माग.
पुढून वेल आणि बदाम,
आतून सुट्या धाग्यांच्या झिपऱ्या, कुणी न विंचरलेल्या.
बगलेची शिवण मशीनची. काजं हाताची:
वरची तीन ऐटीत,
खालची चार घाईत, बहुधा दिवेलागणीनंतर,
किंवा उस्तादांनी पोराच्या हाती सुई दिली.
सहा गुंड्या पितळी. सातवी शिंपल्याची, परकी.

पाठीच्या दाबातला एक धागा चिमट्यात धरला, काडी लावली.
रेशीम जळालं की केस जळाल्याचा वास येतो.
याला आला कागदाचा.
"म्हणजे?"
"नकली रेशीम. अकरा साली हे आपल्याकडच्या मागावर कुठून असणार?"
मग छातीचा धागा.
केस. राख बोटांत भुगा झाली.

समोरून अस्सल, पाठीला नकली.
घालणाऱ्याला ठाऊक असणार
कुठे उभं राहायचं आणि कुणाकडे पाठ करायची नाही.
मी हसले. ते हसले नाहीत.

गळपट्टीची एक बाजू उसवली, त्यांना विचारून.
आत खळीचं कडक कापड, त्यावर शिंप्याची शिसपेन्सिल,
उर्दू आकडे, चार:
एक, तीन, चार, आठ.
हिजरी धरलं तर एकोणतीस-तीस.
फसली धरलं तर अडतीस-एकोणचाळीस.
शिंपी नमाजाचं साल लिहायचा की कचेरीचं,
हे पेन्सिल सांगत नाही.
तो जळका कागदी वास मात्र
फसलीच्या बाजूने साक्ष देत होता.

"पणजोबा तर इन्फ्लुएंझात गेले," पिंगळीकर म्हणाले.
बोटांवर मोजत राहिले.
दोन्ही हिशेबांत पणजोबा बसेनात.
"मग आजोबा. पण त्यांना कसला दरबार?
मुन्सफ कोर्टाच्या पायरीवर अर्ज लिहायचे, आठ आणे हाली.
घरात त्यांचं नाव कुणी फारसं काढत नाही."

उजवी बाही मी उजेडात धरली.
मनगटाच्या अस्तरावर निळा-काळा डाग, जुना, वर्तुळांचा,
धुवायचा दोनदा प्रयत्न केलेला.
मी काहीच म्हटलं नाही.
त्यांनी चष्मा काढला, कपाळावर नेला,
डोळे डागाच्या अगदी जवळ.

खिशात अर्धी सुपारी
आणि अत्तराचा कापूस, वास गेलेला.

कार्डावर काळाचा रकाना एकच असतो.
लिहिलं: फसली १३४८, बहुधा.
"दरबार" लिहिलं नाही. त्यांनीही पुन्हा म्हटलं नाही.
अभ्र्यात घालताना त्यांनी घडी चुकवली,
मी उलगडून बाह्या आत, मऊ कागद मध्ये, नव्याने घातली.
"तार लावू नका. आणि डांबरगोळी तर नकोच."

दारात थांबले.
"त्यांचा एकही फोटो नाही हो घरात.
खांदा किती होता, ते कळतं का यावरून?"

पुन्हा चादर, पुन्हा टेप.
साडेसोळा.
उजवा अर्ध्या इंचाने उतरता.

ते तिकिटाच्या मागे लिहून घेत होते,
उभ्याउभ्याच, भिंतीला टेकवून,
उजवा खांदा खाली.